खालच्या थराची पोती

वालूर, सप्टेंबर १९८८

प्रिय भुजंग,

दरवेळी 'चिरंजीव' लिहितो, आज 'प्रिय' लिहिलं म्हणून हसू नकोस. नामांतराच्या मोर्च्यामुळं दोन दिवस एसट्या बंद होत्या, तुझं पत्र काल मिळालं. शेजारचा पंडित आज परभणीहून मुंबईची गाडी धरतोय, त्याच्या हाती हे उत्तर देतो. टपालात टाकलं तर तुझा सोमवार निघून जाईल.

इकडं पाऊस लय झाला, अर्धा मूग शेतातच भिजला. कासाबाई आत्या गुडघ्याचं औषध धाड म्हणते आणि धाडलं की फळीवर ठेवून देते. तू धाडत राहा.

तुझा प्रश्न तीनदा वाचला. बोटीतून आलेल्या तुरीचा नमुना तू घेतलास, प्रयोगशाळेनं तो चांगला ठरवला, आता सोमवारी तुझी सही झाली की माल बंदरातून सुटणार. पण नमुना वरच्या पोत्यांचा, आणि नंतर गोदामात खालच्या थराला तुला कुबट वास आला. साहेब म्हणतात, सणासुदीला बाजारात डाळ नाही, झालेला कागद कशाला उकरतोस. आबा, तुम्ही मोंढ्यात धान्याचे मापाडी होता, तुम्हीच सांगा, असं तू लिहितोस. लेका, शितावरून भाताची परीक्षा करतात, कारण भात एका भांड्यात शिजतो. पोती तशी नसतात. बोटीच्या तळाला पाणी लागलं तर वरच्या पोत्याला त्याचा पत्ता नसतो.

सेलूच्या मोंढ्यात माझ्या दाताला मान होता. पोत्यात पोकळ सळई खुपसायची, आलेला दाणा दाताखाली धरायचा. कट्ट वाजला तर वाळलेला, दबला तर ओला. आश्रुबानं दात लावला म्हटलं की आडत्याही गप्प बसायचा. मला त्याची घमेंड होती. बहात्तरच्या दुष्काळात बाहेरदेशची ज्वारी आली, तेव्हाही एका गोदामात मलाच बोलावलं. वरच्या थराचा दाणा कट्ट वाजला. खालून वास येत होता. पण दाराशी उपाशी माणसं उन्हात उभी होती, थर मोडायला दिवस गेला असता. माल चांगला म्हणून मी मान हलवली.

त्या साली मी माप सोडलं. डोळे अधू झाले असं तुला सांगितलं. डोळे आजही चांगले आहेत, सुईत दोरा ओवतो.

मजुरीपोटी मला त्याच ज्वारीच्या दोन पायल्या मिळाल्या, खालच्या पोत्यातल्या. तुझी आई जात्यावर बसली आणि म्हणाली, "अवो, ह्याला वास यायलाय." मी म्हणालो, "म्या दात लावलाय, दळ." तू तेव्हा मामाकडं पालमला होतास. पहिली भाकरी तिनंच खाल्ली, तिसऱ्या दिवशी ती गेली. साथीत गेली असं मी सोळा वर्षं तुला सांगत आलो. भुजंग, गावात साथ नव्हती. नर्मदेनं, तुझ्या आईनं, माझ्या दातावर भरवसा ठेवला होता, आणि मी दात लावला होता तो वरच्या पोत्याला. थर मोड, मगच सही कर. मग माझ्यावर रागव, मी इथंच आहे.

तुझाच,
आबा