बंद साउंडवरचं पंचांग

रवि. १२ जुलै ९८
सकाळभर पीसी उघडून बसलो. नवं साउंड कार्ड बसलं, ग्राफिक्स कार्डही. साउंड आईसाठी, ग्राफिक्स माझ्या गेम्ससाठी. खोटं कशाला लिहू. बोर्डावरचा मूळचा साउंड काढता येत नाही, तो बोर्डालाच जोडलेला. जंपर, म्हणजे बोर्डावरची छोटी खिटी, हलवून बंद केला. आता अण्णांच्या फायली खरखरीशिवाय वाजतात.
अण्णा, माझे वडील, रोज सकाळी माइकवर पंचांग वाचून पीसीत साठवायचे. तिथी, वार, नक्षत्र, शेवटी घरात कुणाचा वाढदिवस, कुणाचं श्राद्ध. पाडव्यापासून थेट ज्येष्ठात वारले त्याच्या आदल्या दिवसापर्यंत. आई रोज कॉफी घेताना एक फाईल ऐकते. आज म्हणाली, "स्वच्छ आहे रे. पण हे शेजारच्या घरात बसल्यासारखे वाटतात." एवढी खटपट करून हे बक्षीस!

सोम. १३
संध्याकाळी आई खुशीत. "पूर्वीसारखं झालं बघ, खरखर आली परत." धूळ पुसताना स्पीकरची पिन निघाली, तिनेच लावली. मागे दोन सारखी भोकं, लावली नेमकी बोर्डावरच्या जुन्यात. ते बंद आहे, आवाज येणं शक्यच नाही. तसं सांगितलं तर म्हणते, "सरी, बरं बाबा, मग मी काय स्वप्नात ऐकलं?"

मंगळ. १४
ऑफिसला निघण्याआधी स्वतः ऐकलं. खरखर, मग अण्णांचा खाकरा. "आषाढ वद्य पंचमी, मंगळवार."
अंगावर सर्रकन काटा आला. आजचीच तिथी. अण्णा ज्येष्ठात गेले, आषाढाची फाईल येणार कुठून? पुढचं आधीच वाचून ठेवलं असेल म्हणून सगळ्या फायली चाळल्या. नाही. आणि आवाज आला तेव्हा एकही फाईल उघडी नव्हती.
शेवटी म्हणाले, "रघू, छत्री ने." मुद्दाम नेली नाही. जे. पी. नगरच्या स्टॉपवर चिंब भिजलो.

बुध. १५
जंपर पुन्हा पाहिला. बंदच. आज षष्ठी, तीही बरोबर वाचली.
अक्काला हेब्बाळला फोन केला. "स्वल्प झोप काढ रघू, नको ते ऐकू येतंय तुला." मोठी बहीण म्हणून काहीही बोलायचं का! मग हळूच, "माझं नाव घेतलं का रे त्यांनी?"
मला रडूच आलं.

गुरु. १६
पीसीची वायरच भिंतीतून काढली. स्पीकर तेवढे चालू ठेवले. सात वाजता खरखर. "वद्य सप्तमी, गुरुवार." जरा थांबून, "उद्या अष्टमी. इंदूचं श्राद्ध. रघू, विसरू नकोस."
इंदू म्हणजे आई. समोरच बसली होती, हातात कॉफीचा लोटा. मी पिन उपटली.
आई शांत. "घाबरतोस काय? वर्ष कुठे सांगितलं? हे कधीच वर्ष सांगत नसत."

शुक्र. १७
रजा टाकली. डॉक्टर येऊन गेले. बीपी उत्तम म्हणाले, उगाच बोलावलंत. आईने उप्पीट केलं, न्हाली, ठेवणीतली हिरवी साडी नेसली. का, ते विचारायची हिंमत झाली नाही. मी दिवसभर मागे मागे. "अरे, पायात घुटमळू नकोस!" म्हणून ओरडली. ओरडली, बरं वाटलं.
साडेपाच. आई ठीक आहे. अक्का निघालीय, अजून पोचली नाही.
आई आता पीसीसमोर खुर्ची ओढून बसलीय. "लाव रे पिन."
"आज नको आई. उद्या लावू."
"रोज सकाळी ऐकते मी. आज ऐकलं नाही. ते वाट बघत असतील."
पिन माझ्या मुठीत आहे. ती हात पुढे करून बसलीय, आणि मी अजून मूठ उघडली नाही.