‘खालचा मजला’ची कॅसेट

१४ जानेवारी १९८६

डॉक्टरांनी ह्यांचं क्लॅरनेट बंद केलं! दमा आहे, फुंकायचं नाही, विषय संपला. माणसाचं उभं आयुष्य बँडमध्ये गेलं, आणि हा डॉक्टर तंबाखू सोडा म्हटल्यासारखं सांगतो! ह्यांनी घरी आल्यावर क्लॅरनेट पुसलं, पेटीत ठेवलं, पेटीवर शाल घातली. गौस बँडवाले म्हणून सगळा पेठभाग ओळखतो. आता नुसतं गौस?

१७ जानेवारी

गल्लीचं वळण मुकं झालंय. वरातीहून परत येताना हे त्या वळणावर क्लॅरनेटवर एक छोटी चाल वाजवायचे — की मी स्टोव्ह पेटवायचा. दारात येईतो चहा तयार. आता हंबीररावांच्या बँडमध्ये नुसते पोरांना शिकवायला जातात आणि वळणावर येऊन खोकतात. खोकल्यावर कुणी चहा ठेवतं का? मी ठेवते. पण रोज उशीर होतो.

२१ जानेवारी

शाळेत मधल्या सुट्टीत चौथीच्या विमलाताईंजवळ मन मोकळं केलं. शहात्तर साली ह्यांना मुंबईला बोलावलं होतं, टीव्हीवरच्या ‘खालचा मजला’ मालिकेच्या संगीतात वाजवायला. तेव्हा कोल्हापुरात टीव्ही कुठला! आम्ही ते कधी ऐकलं नाही. वाजवून लगेच परतीची गाडी धरली, म्हणून ह्यांनीसुद्धा नाही. बँडवाले अजून चिडवतात, “टीव्हीवालं पावणं आलं की!” आधी हे हसायचे. क्लॅरनेट पेटीत गेल्यापासून हसत नाहीत. आता वाजवून कुणाचं तोंड बंद करणार?

विमलाताई म्हणाल्या, त्यांच्या पुण्याच्या दादाकडे असेल. तो टीव्हीच्या तोंडाशी टेप धरून सगळ्या मालिकांचं संगीत घ्यायचा. तेवढा वेळ घरात शिंकायची चोरी!

१ फेब्रुवारी

कॅसेट आली! दादांच्या माळ्यावरच्या ट्रंकेत होती म्हणे.

ह्यांना न विचारता मी हंबीररावांना आणि अख्ख्या बँडला उद्या मटणाच्या जेवणाचं आवतण दिलं. समोर बसवते आणि लावते. बघू कोण पावणं म्हणतंय! ह्यांनी आज गुळगुळीत दाढी केली. टेपचे सेल बदललेस का, म्हणून दोनदा विचारलं.

२ फेब्रुवारी

हे मटण आणायला गेले आणि मला राहवेना. कॅसेट लावली. संतूर, सतार, तबला. गोड होतं. पण क्लॅरनेट नाही! परत लावलं. नाही म्हणजे नाहीच.

थोड्या वेळात सगळा बँड दारात येणार, आणि बोलावणारी मीच शहाणी. चारचौघांत ह्यांनी तोंड कुठं लपवायचं? खोटं बोलले असतील तर बोलू देत. माझं माणूस आहे. कॅसेटमध्ये बोट घालून फीत बाहेर ओढली आणि चांगली चुरगाळली.

हे आल्यावर म्हटलं, टेपनं कॅसेट खाल्ली. तो गुंता मांडीवर घेऊन नुसते बघत बसले. मग म्हणाले, “जाऊ दे रोशन. मटण झकास मिळालंय.”

बँडवाले जेवून गेले. हंबीररावांनी एकदासुद्धा चिडवलं नाही. तेच जास्त लागलं.

३ फेब्रुवारी

मेले मी!

विमलाताईंनी विचारलं, मागची बाजू ऐकलीत ना? दादांची पद्धत अशी — मालिकेच्या सुरुवातीचं संगीत एका बाजूला, आणि शेवटी कलाकारांची नावं सरकताना वाजायचं ते दुसऱ्या बाजूला. मी कॅसेट उलटीच केली नव्हती. इतकी शिकलेली मी, आणि अक्कल गहाण!

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. मी रडलेच.

“मी खोटं बोललो वाटलं व्हय तुला?”

वाटलं, मी म्हटलं. तरी तुमची लाज झाकायला गेले. तेव्हा कुठं हे हसले, खोकला येईपर्यंत.

४ फेब्रुवारी

गुंता पिशवीत घालून माझ्या भावाकडे, दिलदारकडे नेला. रेडिओ-टेप दुरुस्त करतो. आधी मला शिव्या घातल्या, मग चष्मा लावला.

७ फेब्रुवारी

वीतभर फीत गेली कामातून. बाकीची जोडतोय.

९ फेब्रुवारी

बँडवाले परत आले. ह्या खेपेला जेवण हंबीररावांनी आणलं. मला बाहेर बसायचा धीर होईना. आत कांदा चिरत बसले. दिलदारनं मागची बाजू लावली. खरखर झाली, पुण्याच्या त्या घरातलं कुणीतरी “श्श” म्हणालं.

मग मी कांदा तसाच टाकून उठले. स्टोव्हला पंप मारला, आधण ठेवलं, साखर घातली. आलं किसताना ध्यानात आलं — वळणावर कुणी नाही. हे तर बाहेर चटईवर बसलेत, आणि वाजतोय तो टेप.

तीच चाल. दहा वर्षं दारात ऐकतेय.