हवामानानंतर येणारा फोन

ती. बाबांना नमस्कार,

माझं जेवणखाण वेळेवर चाललंय, काळजी करू नका.

रेडिओ केंद्रावर आता हवामानाची बातमी मी वाचते. ती संपली की रोज एका काकांचा फोन येतो. "मी इथलाच श्रोता. नवी मुलगी फार छान वाचते हं," एवढं बोलून ठेवून देतात. निवेदिकाताईंना वाटतं, मीच कुणाला तरी पढवून ठेवलंय. माझ्या इथल्या प्रशिक्षणाचा अहवाल कॉलेजला त्याच देणार, म्हणून मी मूग गिळून बसते.

काल तो फोन मुद्दाम मी घेतला. आवाज घोगरा, ओढूनताणून काढलेला. मागे शिलाई मशीन चालू होतं, ते काका बोलायला लागताच थांबलं. बाबा, मला उगाच संशय घ्यायचा नाही, पण मशीन थांबवल्याशिवाय एक शब्द न बोलणारा शिंपी मला एकच ठाऊक आहे.

तुम्ही असाल, तर ताईंची समजूत मी घालीन. पण मशीन थांबल्यावर मागे एक बाई खोकत होती, फोन ठेवेपर्यंत खोकत होती. आईचा खोकला कधीच गेला, असं तुम्ही लिहिलं होतंत.

या पत्राचं उत्तर आईच्या हातचं हवंय.

तुमची,
कान शाबूत असलेली लेक