एकमताने तळघर

४ मार्च
वही लिहायला घेण्याचं कारण एकच. आज ग्रंथपाल सर्वांसमोर म्हणाले, बाई, तुमच्यापुढे कुणी खरं बोलत नाही. बावीस वर्षं मी वाचनालयाची अध्यक्ष आहे. समितीतल्या पाचही जणांना (नणंद, डॉक्टर, मास्तर आणि आणखी दोघं) विचारलं, हे खरं का? पाचही जण म्हणाले, छे. विषय संपला. तरी नोंद असावी.

७ मार्च
सगळे माना डोलावतात तेव्हा निर्णय फसतात, असा लेख वाचला. उपायही दिले होते. वाचनालय वरच्या मजल्यावरून तळघरात हलवायचं आहे, म्हणजे सगळ्यांना वापरता येईल. वाचकांना जिना चढवत नाही. माझे गुडघे हा वेगळा विषय.
उपाय पहिला: एकाने ठरवून विरोध करायचा. नणंदेला नेमलं. तिला काही सुचेना, म्हणून तीन आक्षेप मीच लिहून दिले. उत्तरं माझ्याकडे तयार होतीच.

१२ मार्च, संध्याकाळी ५
नणंदेने आक्षेप स्पष्ट वाचले. मी खोडून काढले.
उपाय दुसरा: अध्यक्षाने बाहेर जावं. गेले. दार उघडं ठेवलं, हवेसाठी. आत कुणी चकार शब्द काढला नाही. म्हणजे शंका नव्हतीच. मी परतल्यावर ग्रंथपालांनी मध्येच तळघरातल्या ओलीचा विषय काढला. म्हणे पाण्याचा मोठा पाइप तिथल्या भिंतीतून जातो, हात लावून बघा. मी म्हटलं, तुम्ही सदस्य नाही. डॉक्टर हसले. मग सगळेच हसले.
उपाय तिसरा: गुप्त मतदान. पाच होकार, एक नकार. अक्षर मास्तरांचं. आपल्याकडे निर्णय एकमतानेच होतात, ‘एकमताने मंजूर’ असा शिक्काच आहे. पुन्हा चिठ्ठ्या टाकल्या. सहा होकार. शिक्का मारला.

२ एप्रिल
चार हजार पुस्तकं खाली गेली. निदान कोश तरी वर राहू द्या, असं ग्रंथपाल अजिजीने म्हणाले. एकमताला अपवाद नसतो.

१९ एप्रिल, सकाळ
पाइप फुटला. गुडघाभर पाणी. कोश फुगून कपाटात घट्ट बसलेत, ओढूनही निघत नाहीत. ग्रंथपाल एकेक पान टिपकागदाने टिपत होते. माझ्याकडे पाहिलं नाही. चूक प्लंबरची.

२१ एप्रिल
तातडीची सभा. डॉक्टर म्हणाले, मला तेव्हाच वाटलं होतं. बाकीच्यांनाही तेव्हाच वाटलं होतं. मी विचारलं, मग तोंडं का शिवली होती? नणंद म्हणाली, वहिनी, तुम्ही लिहून दिलं तेवढं मी बोलले. मास्तर म्हणाले, मी लिहिलं होतं, तुम्ही दुसऱ्यांदा लिहायला लावलंत.
ठराव: अध्यक्ष बदलावा. नियमाने मी बाहेर गेले. या वेळी दार आतून लावलं. सगळे एकदम बोलत होते. भांडतही होते. बावीस वर्षांत असा गोंगाट नव्हता.
निकाल: चार विरुद्ध एक. माझ्या बाजूचं ते एक कुणाचं? चिठ्ठी मागितली. दाखवली नाही.

२२ एप्रिल
ताबा दिला: तळघराच्या किल्ल्या दोन, सभांची नोंदवही एक. घेणार: ग्रंथपाल.
शिक्काही पुढे केला. म्हणाले, राहू द्या बाई, आता लागणार नाही.