बावन्न पाकिटं आणि एक जनरेटर

६ ऑक्टोबर

सोडतीची बावन्न पाकिटं चिकटवून झाली. जिभेवर अजून डिंकाची चव आहे. गावच्या हॉलच्या समितीत सात माणसं, पण पाकिटं चिकटवायला मी एकटी! 'ऑड्री शाळेत गणित शिकवते ना, मग तिलाच जमेल.' डिंक लावायला गणित लागतं हे मला आजच कळलं.

पत्त्यांची गड्डी कोरी होती, सील मीच फोडलं. पत्ते पालथे पिसले, पालथेच एकेका पाकिटात एकेक भरले, एकाचंही तोंड पाहिलं नाही. उद्या कुणी म्हणायला नको की एक्का कुठे आहे ते बाईंना ठाऊक आहे. जोकर तेवढे त्याआधी अ‍ॅलिस्टरला काढायला सांगितले. नवऱ्याकडून घरात एवढं एक काम करून घ्यायचं तर तीनदा हाक मारावी लागते. आला, दोन पानं उपसली, "घे, काढले" म्हणाला आणि वर चहा मागितला. मग मी मोजले – बावन्न. पुन्हा मोजले – बावन्न.

समुद्राकडची खिडकी दिवसभर खडखडत होती. त्या दोनांतलं एक पान दुमडून त्यानं फटीत खोचलं, दुसरं शेगडीत टाकलं. या गावात ही जुनीच खोड. आम्ही एरवी खेळतो त्या खेळात दुर्री ते पंजी ही पानं लागतच नाहीत, म्हणून ती सगळी खिडक्यांत नि डुगडुगत्या टेबलांच्या पायाखाली. बाहेरून कुणी आलं तर म्हणेल, काय जुगारी गाव आहे!

९ ऑक्टोबर

हुईला नियम पुन्हा समजावले. बोटींची इंजिनं दुरुस्त करतो, आवाज भोंग्यासारखा, म्हणून सोडत पुकारायचं काम त्याच्याकडे. माझाच जुना विद्यार्थी – त्यामुळे किती डोक्यात शिरतं ते मला माहीत आहे.

"हे बघ. दर शनिवारी तिकिटं विकायची. त्यांतलं एक उचलायचं. ज्याचं निघेल त्यानं फळ्यावरचं एक पाकीट फोडायचं. इस्पिकचा एक्का निघाला तर साठलेला सगळा गल्ला त्याचा. नाही निघाला तर त्याला छोटं बक्षीस, पत्ता फळ्यावर टाचायचा आणि गल्ला पुढच्या शनिवारी आणखी फुगणार. विक्रीतला अर्धा वाटा मात्र दर वेळी हॉलचा."

"म्हणजे बाई, एक्का जितका उशिरा निघेल तितकं हॉलचं भलं?"

"हो."

"मग एक्का घालायचाच कशाला?"

आणि हसला! याच्या असल्या विनोदांमुळेच मी परवान्याच्या अर्जात एक कलम वाढवलं – गड्डीत एकही पान कमी निघालं तर पहिल्या दिवसापासूनचा सगळा पैसा परत. समितीनं न वाचता सह्या केल्या. ते हॉटेलातलं बिलही वाचत नाहीत.

१२ ऑक्टोबर

पहिली सोडत. चौकटची सत्ती. गर्दी पंचवीस-तीस, त्यांतले निम्मे फुकटच्या ओटच्या बिस्किटांसाठी.

२४ ऑक्टोबर

अंदाजपत्रक मांडलं. जनरेटर, त्याचा चौथरा, वायरिंग – सगळं मिळून अडतीस हजार डॉलर. हुईच्या मते त्यात हॉकी बघायला मोठा टीव्हीही बसवावा. मी विचारलं, टीव्ही कशावर चालवणार, मेणबत्तीवर?

जनरेटर कुणासाठी ते सगळ्यांना ठाऊक आहे, पण तोंडानं कुणी म्हणत नाही. मर्डीना, अ‍ॅलिस्टरची मोठी बहीण, आमच्या शेजारीच राहते. नाकात नळी, खोलीत प्राणवायूचं यंत्र. यंत्र विजेवर चालतं आणि आमच्याकडे हिवाळ्यात वीज पाहुण्यासारखी येते. प्राणवायूची बाटली असते, ती काही तास पुरते. हॉलवर जनरेटर असला तर तिला दोन मिनिटांत तिथे नेता येईल.

६ नोव्हेंबर

बारावीच्या वर्गात हाच खेळ घेतला. कॉम्प्युटरवर वीस ओळींचा प्रोग्राम – गड्डी पिस, पान काढ, एक्का येईपर्यंत मोज. हे दहा हजार वेळा. निम्म्या वेळा एक्का अर्ध्या गड्डीच्या आतच निघतो. मग विक्री किती, हॉलचा वाटा किती, जनरेटर कधी परवडेल – सगळं त्याच प्रोग्राममध्ये. शक्यता, प्रोग्राम आणि अंदाजपत्रक एकाच तासात! मला वाटलं, आज तरी यांचे डोळे उघडतील.

पहिला प्रश्न – "बाई, मग कुठलं पाकीट फोडायचं?"

कपाळावर हात मारून घेतला. त्यांना सांगितलं, प्रोग्राम फक्त तुम्ही सांगता तेवढंच खरं मानतो, तुमच्या मनातलं त्याला कळत नाही. ते त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि विसरले.

१४ डिसेंबर

लोक काय काय करतात! एकीनं नातवाच्या वाढदिवसाचा आकडा फोडला. एकजण पाकिटं हुंगून बघतो. पोस्टातली बाई म्हणते, सतरा नंबरचं पाकीट आपल्याकडे बघतंय. मर्डीनाही दर आठवड्याला एक तिकीट घेते. तिला म्हटलं, यापेक्षा नोट शेगडीत टाका, ऊब तरी मिळेल.

"अगं ऑड्री," ती म्हणाली, "तिकीट माझं आणि जनरेटरही माझाच. मी तर माझ्याच खिशात पैसे टाकतेय."

यात हिशेबाची चूक काढता आली नाही. राग आला.

१७ फेब्रुवारी

काल वीज गेली ती आज दुपारी आली.

बर्फ दाराच्या कडीपर्यंत. बाटलीचा काटा उतरत होता आणि मर्डीना एवढी निळी कधी दिसली नव्हती. हुई बर्फ ढकलायचं यंत्र लावलेला ट्रक घेऊन आला. पुढे तो बर्फ उडवतोय, मागून आमची गाडी, आमच्या इकडच्या सिडनी शहरातल्या हॉस्पिटलपर्यंत. अ‍ॅलिस्टर सारखा म्हणत होता, "दीदी, झोपू नकोस, माझ्याशी भांड." आणि ती खरंच भांडत होती. कसल्याशा लहानपणच्या होडीवरून.

वाचली. पुढच्या वेळी हुईचा ट्रक सुरू झाला नाही तर? मला भीती वाटली. लिहून टाकते, कारण तोंडानं कुणाला सांगणार नाही.

२२ मार्च

किल्वरची राणी. हिवाळ्यात वादळानं दोन शनिवार बुडाले, तरी गल्ला वाढला, गर्दीही. हुई माइकवर ओरडतो – "आज निघणार! मला आतून वाटतंय!" त्याला दर शनिवारी आतून वाटतं. आतून काय, त्याच्या श्वासाला बाहेरूनच वास येतो.

३१ मे

अर्धी गड्डी केव्हाच संपली. एक्का नाही. आता गल्ला ऐकून सिडनीहून गाड्या यायला लागल्या. माशाचं सूप दोन वेळा संपलं. पाहुणे आमच्या बंदराचे फोटो काढतात आणि आमच्याच लोकांना विचारतात, "तुम्ही इथे वर्षभर राहता?" नाही, तुमच्यासाठी सकाळी येऊन बसतो!

१२ जुलै

हॉल अपुरा पडला म्हणून शेतात तंबू ठोकला. हॉलच्या वाट्यातून चौथरा झाला, वायरिंग झालं. समितीतल्या एकानं विचारलं, "जनरेटर आत्ताच मागवू या का?" मी नाही म्हटलं. पैसा पूर्ण हातात आल्याशिवाय मागवायचा नाही. बजेट म्हणजे इच्छांची यादी नव्हे. हे वाक्य मी वर्गात वीस वर्षं म्हणतेय, समितीला पहिल्यांदाच ऐकवलं. दोघांचे चेहरे सारखेच होते.

९ ऑगस्ट

नवी अफवा. एक्का आत नाहीच!

कोण म्हणतं? हुई. पुरावा? "बाई, वाटतं आपलं." मग तेच सगळं गाव बोलू लागलं. दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर, बंदरावर. मला बघितलं की गप्प.

आज सोडत झाल्यावर मीच माइक घेतला. म्हटलं, फळ्यावर दहा पाकिटं उरली आहेत. एक्का इतका मागे राहणं दर शंभरात एकोणीस वेळा घडतं. यात जादू नाही, चोरीही नाही. ज्यांना अपूर्णांक येत नाहीत त्यांनी निदान अफवा तरी नीट मोजून पसरवाव्यात.

मागून मर्डीनाच टाळ्या वाजवायला लागली, नळी सावरत. तेवढी एकटीच.

११ ऑगस्ट

अ‍ॅलिस्टर म्हणतो, "जरा जास्तच बोललीस." म्हटलं, तू एक्का शोधून दे, मग मी गोड बोलेन.

६ सप्टेंबर

पैसे जमले! अडतीस हजार आणि वर थोडे. जनरेटर मागवला, पूर्ण पैसे भरले. मर्डीनानं मला मिठी मारली आणि नळी माझ्या बटनात अडकली. दोघी हसत बसलो. या हिवाळ्याची पहिल्यांदाच काळजी वाटत नाही.

हुईनंही हात पुढे केला. "मानलं बाई तुम्हाला. पण एक्का –" मी हात सोडला.

२७ सप्टेंबर

बदामची दश्शी. आता तीनच पाकिटं. फळ्यावर टाचलेले पत्ते बघून कुणालाही कळतं की कुठले तीन बाकी आहेत – इस्पिकचा एक्का, चौकटची तिर्री, किल्वरचा गुलाम. एवढं स्वच्छ असून गाव अजून कुजबुजतंय!

दहा हजार डावांत असं पावणेसहाशे वेळा होतं. प्रोग्राम पुन्हा चालवून पाहिला. मर्डीनाला दाखवला. तिनं त्या आकड्यावर बोट ठेवलं.

"म्हणजे इतकं मागे पडणं क्वचितच होतं?"

"क्वचित. पण होतं."

"आणि आत एक्का नसला, तर दर वेळी होईल ना?"

"दीदी, एक्का आत आहे. मी स्वतः भरलाय."

"बघितलास?"

"बघायचाच नव्हता! तोच तर मुद्दा आहे." तिला शेवटी सोप्या शब्दांत सांगितलं. आता या वयात तिला शक्यता शिकवायची म्हणजे काय. चहा पिऊन घरी गेली.

३ ऑक्टोबर

जनरेटर बसला. हॉलच्या मागे, हिरवा, देखणा. हुईनं सुरू करून दाखवला आणि गावातली सगळी कुत्री भुंकली. मर्डीनाचं यंत्र त्यावर लावून पाहिलं. चाललं. अ‍ॅलिस्टर डोळे पुसत होता, म्हणे धूर गेला.

उद्याचा गल्ला ऐकून दूरच्या हॅलिफॅक्स शहराहूनही माणसं निघाली आहेत. समुद्रात वादळ आहे, तरी निघाली आहेत. शहाणपण तिकिटाबरोबर फुकट मिळत नाही.

४ ऑक्टोबर

सकाळपासून वारा. समुद्राकडची खिडकी पुन्हा खडखडायला लागली. फटीतलं पान वर्षभराच्या दमटपणानं मऊ पडलं होतं. जाडसर काही खोचावं म्हणून ते ओढून काढलं आणि घडी उलगडली.

इस्पिकचा एक्का.

अ‍ॅलिस्टर चष्मा लावून पान उजेडात घेऊन गेला. "त्याच्यावर एवढी नक्षी असते गं... चष्मा नव्हता. मला वाटलं, दोन्ही जोकरच." म्हणजे खरा जोकर एकच निघाला, तो शेगडीत गेला. दुसरा त्या तीन पाकिटांपैकी एकात आहे. मी बावन्न मोजले, दोनदा मोजले. आणि प्रोग्रामच्या पहिल्याच ओळीत मी लिहिलं होतं – गड्डीत एक्का आहे. वर्षभर तो तेवढंच खरं मानत राहिला.

कपाटात कोरी पाकिटं आहेत, डिंकही आहे, हॉलची किल्ली माझ्याच पर्समध्ये आहे. मनात आलं. आलं हे इथे लिहून ठेवते.

गाड्यांची रांग आत्ताच चर्चपर्यंत गेली आहे. सोडत सातला. मी घातलेल्या कलमाप्रमाणे सगळा पैसा परत, म्हणजे जनरेटरही परत. एक्का कोटाच्या खिशात आहे. हॉलच्या आधी मर्डीनाकडे जाते. तिला हे हुईच्या भोंग्यावरून कळायला नको.