परब चेक

२ जानेवारी, गुरुवार. सकाळी ६.१०
संकल्प: सात नंबर टेक्निकल ट्रेनिंग युनिटचा इतिहास लिहायचा. तीनशे पानं, फोटो वेगळे. रोज दोन पानं म्हणजे मे संपताना काम खलास.
हे काम माझ्याशिवाय कोण करणार? मी त्या युनिटमध्ये होतो. किती होतो हा प्रश्न गौण आहे. (अकरा महिने.) पुढची चाळीस वर्षं परळच्या ऑफिसात फायली सरकवण्यात गेली, पण फौजी तो फौजीच.

३ जानेवारी
लेखन सुरू. युनिट १९४३ साली पत्र्याच्या शेडांत सुरू झालं. बैलगाडीपलीकडे चाक न पाहिलेली पोरं यायची आणि नऊ महिन्यांत लॉरीचं इंजिन उतरवून परत चढवायची. एवढं एका परिच्छेदात उरकलं. वाचकाला आधी लेखक कळला पाहिजे. म्हणून प्रकरण पहिलं: माझा जन्म.

६ जानेवारी. सकाळी ८
शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर मोठी बातमी. आमच्या प्रभात मंडळाचे सेक्रेटरी प्रफुल्ल कर्णिक यांची पुतणी श्रेया लष्करात कॅप्टन आहे, आणि नेमकी सात नंबर युनिटमध्ये शिकवते! रजेवर मुंबईत येणार आहे. ९ फेब्रुवारीला दादरच्या हॉलमध्ये माझं व्याख्यान, 'युनिटचा इतिहास आणि कार्य'. ती प्रमुख पाहुणी. शाल-श्रीफळ मला. मंडळाचं अध्यक्षपदही रिकामं आहे. त्याच दिवशी नाव जाहीर करू, असं कर्णिक डोळा मारून म्हणाले.
कट्ट्यावर मला सगळे 'मेजर' म्हणतात. मी मेजर आहे असं मी कधीच सांगितलेलं नाही. नाही असंही सांगितलेलं नाही.

८ जानेवारी
गौतम कासारेला भेटलो. १९८३ साली आम्ही दोघं परळहून एकाच दिवशी भरती झालो. तो अठ्ठावीस वर्षं टिकला, त्याच युनिटमध्ये शिकवून सुभेदार होऊन निवृत्त झाला. मी तत्त्वावरून मतभेद झाले म्हणून सोडलं.
त्याने युनिटमध्ये ऐकलेली एकाहत्तरच्या युद्धाची हकिकत सांगितली. कोर्स अर्धा झालेली पोरं थेट सरहद्दीवर पाठवली. त्यांनी गोळीबारात गाड्या दुरुस्त केल्या. त्यातले सहा जण परत आले नाहीत. त्यांची नावं गौतमला अजून पाठ आहेत. ती लिहून घे म्हणाला. परिशिष्टात जागा उरली तर बघू.
व्याख्यानाचं ऐकून मात्र त्याचा चेहरा पडला. "जयवंता, नको रे. खोकला झाला सांग नि घरी बस." अठ्ठावीस वर्षं नोकरी करून स्टेजवर मी. जळणारच.

१२ जानेवारी, रविवार
नुसतं बोलून काय होतं? प्रात्यक्षिक पाहिजे. माझी स्कूटर सहा वर्षं खाली उभी आहे. ती स्वतः दुरुस्त करून, चालवत हॉलवर जाणार.
आज कार्ब्युरेटर काढला, रॉकेलमध्ये धुतला. उघड्या तोंडातून इंजिनात धूळ जाऊ नये म्हणून युनिटमध्ये शिकवलेली सगळी खबरदारी घेतली. हात विसरले नव्हते. डोळ्यांत पाणी आलं.
संध्याकाळी सगळं परत जोडलं. चालू झाली नाही. पेट्रोल जुनं असणार.

१३ जानेवारी
नवं पेट्रोल. चालू नाही.
कमल सकाळपासून घर शोधतेय. "माझां पिवळां फडकां खंय गेलां?" ओट्याचं फडकं. मोठ्या कामात असलेल्या माणसाला असले प्रश्न विचारू नयेत एवढं चौतीस वर्षांत कळायला हवं होतं.

१७ जानेवारी
नवा प्लग. बत्तीस किका. चालू नाही. उजवा गुडघा सुजला. हल्लीचे प्लग हलक्या मालाचे असतात.
पुस्तक: पान चार. मी अजून बालवाडीत.

२१ जानेवारी. सकाळी ९
आजचा दिवस सोन्याने लिहावा!
काल कर्णिकांनी पुतणीला फोनवर माझं आडनाव सांगितलं. ती म्हणाली, "परब? काका, आमच्याकडे रोज परब चेक होतो! इंजिन स्टार्ट करायच्या आधी. त्याशिवाय कुणी चावीला हात लावत नाही."
बेचाळीस वर्षं. रोज. माझ्या नावाने. आणि मला एका शब्दाने कुणी कळवलं नाही! मी तिथे इंजिनाची तपासणी फार बारकाईने करायचो, तीच पद्धत पुढे नियम म्हणून घेतलेली दिसते. कट्ट्यावर सगळ्यांना सांगितलं. दोनदा सांगितलं. अध्यक्षपदाचं आता विचारायलाच नको.

२२ जानेवारी
गौतमला फोन. मी म्हटलं, तू तिथे एवढी वर्षं होतास, माझ्या नावाचा चेक आहे हे लपवून ठेवलंस? तो म्हणाला, "तो विषय तेवढा काढू नको. मित्र म्हणून सांगतो." फोन ठेवला. मत्सराला औषध नाही.
प्रकरण दुसरं मागे टाकून थेट प्रकरण नववं लिहायला घेतलं: 'परब चेक: एका परंपरेचा उगम'. उगम नीटसा आठवत नाही. पण शैली जमतेय.

३० जानेवारी
फ्लेक्स तयार. चार फूट बाय सहा. माझा वर्दीतला फोटो, खाली ठळक अक्षरांत: 'जयवंत परब, बॅच १९८३. परब चेकचे जनक'.
कमल बघून म्हणाली, बारसं झाल्यापासून एवढा मोठा फोटो नव्हता काढला कुणी. आणि फडकं विचारलं. नवीन घे म्हटलं.

८ फेब्रुवारी. दुपारी ३
स्कूटर: चालू नाही. खालच्या गॅरेजवाल्याने विनाकारण लक्ष घातलं. "काका, हवाच खेचत नाय ती. खोलू का?" सरळ नकार दिला. ज्याच्या नावाचा चेक आहे त्याची स्कूटर गॅरेजवाल्याने खोलायची?
निर्णय: उद्या ढकलत नेईन. स्टेजवर ऐन वेळी चालू होईल. यंत्राला प्रसंगाचं भान असतं.

९ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी ५
परळहून दादरपर्यंत ढकलली. हिंदमाताला साड्यांच्या दुकानाबाहेर एका बाईने विचारलं, "पेट्रोल संपलं का हो?" वेग वाढवला.
तरी इतिहास आहे म्हणून जे घडलं ते लिहितो.
हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं. कमल पहिल्या रांगेत, गौतम दुसऱ्या. मी चाळीस मिनिटं बोललो. वेळेअभावी एकाहत्तर राहिलं, माझं बालपण मात्र सविस्तर झालं. शेवटी म्हणालो, आता कॅप्टन मॅडम परब चेकबद्दल सांगतील.
पोरगी गुणी. आधी युनिटच्या कामाबद्दल बोलली. लढणारा पुढे जातो, पण त्याची गाडी, तोफ, वायरलेस, आता ड्रोनसुद्धा, कुणीतरी चालू ठेवलेलं असतं. ते हात आम्ही घडवतो. मग एकाहत्तरच्या त्या सहा जणांची नावं घेतली. तोंडपाठ. गौतम उभा राहिला. मग सगळे राहिले. मीही राहिलो.
मग ती हसून म्हणाली, आता गंमत. आमच्याकडे प्रत्येक शिकाऊ जवानाला सकाळी तीन फडकी मिळतात. इंजिन चालू करण्याआधी सगळ्यांनी तिन्ही फडकी हात वर करून दाखवायची. हाच परब चेक. कारण १९८३ साली परब नावाच्या एका रिक्रूटने इंजिन उघडं असताना धूळ जाऊ नये म्हणून हवेच्या तोंडात फडकं कोंबलं आणि तसंच जोडून टाकलं. कमांडंटच्या तपासणीला इंजिन सुरू केलं, तर फडकं आत खेचलं गेलं. धूर, ठणठणाट, इंजिन भंगारात. आठवड्याभरात परब घरी. तेव्हापासून हे आम्ही पहिल्याच दिवशी शिकवतो, आणि बेचाळीस वर्षांत ती चूक पुन्हा कुणी केलेली नाही.
"चला, सगळ्यांनी रुमाल वर करा. परब चेक!"
साठ-सत्तर रुमाल वर गेले. सगळे एका सुरात ओरडले, "परब चेक!" हॉल हसत होता. दोघंच हसत नव्हते, गौतम आणि कमल.
कर्णिकांनी माइकवर विचारलं, हे परब तुमच्या नात्यातले का? मी म्हणालो, लांबचे.
तेवढ्यात श्रेयाने मागे वळून फ्लेक्स वाचला. नाव. बॅच. रुमाल हळूच खाली घेतला आणि म्हणाली, "सॉरी सर."
हसण्याचं एक वेळ सोसलं असतं. अध्यक्षपदाचं नाव जाहीर झालं नाही. शाल मात्र दिली.
स्कूटर परत ढकलताना गौतम मागून हात लावत होता. फडकी दाखवायचा नियम तेव्हा मीच सुचवला, नाव कमांडंटने दिलं, म्हणाला. मी हँडल धरून ढकलत राहिलो. लाज वाटत होती. तेव्हाही अशीच वाटली होती, म्हणून घरी तत्त्वाचं सांगितलं होतं.

१० फेब्रुवारी. सकाळी ७
पार्कला गेलो नाही.
खाली जाऊन स्कूटर खोलली. कार्ब्युरेटर काढला. त्यामागच्या इंजिनाच्या तोंडातून पिवळ्या रंगाचं काहीतरी दिसत होतं. दोन बोटांनी ओढून काढलं. कमलचं फडकं.
पुन्हा जोडली. पहिल्या किकला चालू झाली.
वर येऊन फडकं कमलच्या हातात दिलं. तिने वास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि साबणात भिजत टाकलं.
श्रेयाला फोन करायला हवा. बेचाळीस वर्षांत ती चूक पुन्हा कुणी केली नाही असं ती पोरांना सांगते. ते आता खरं नाही.