कँटीनच्या बाटल्या

आबा, परवा माझ्या पोटाची सोनोग्राफी झाली आणि लिव्हरमध्ये चरबी निघाली. तुम्ही गेलात तेव्हा तुमची पन्नाशीही झाली नव्हती. मी सत्तरीला आले, म्हणजे तुमचं दुखणं माझ्याकडं जरा उशिराच आलं म्हणायचं. तपासणारी डॉक्टर माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची पोरगी. तिनं विचारलं, आजी, कधी घेता का? मला हसू आलं. आयुष्यभर शाळेत पोरांना वळण लावत आलेल्या बाईला हा प्रश्न! मी नाही म्हटलं, तिनं ते तिथल्या तिथं खरं मानलं आणि पुढं लिहायला लागली. माझं हसू मग टिकलं नाही. तुमचं "न्हाई" असं कुणी खरं मानलं नव्हतं.

ती पोरगी बोलकी होती. म्हणाली, पूर्वी लिव्हरमध्ये चरबी दिसली की दारूच समजायचे. मग न पिणाऱ्यांतही ती सापडायला लागली, तेव्हा आजाराच्या नावातच "दारूशिवायचा" असं घालून ठेवलं. आता तेही नाव बदललंय. आता चरबीबरोबर साखर, रक्तदाब, पोटाचा घेर असं काही आहे का ते बघतात, आणि थोडीफार पिणाऱ्यांसाठी निराळा कप्पा केलाय. त्यामुळे हा आजार किती लोकांना आहे असं कुणी विचारलं, तर कुठल्या व्याख्येनं, असं आपणच आधी विचारायचं. बाहेर बाकावर बसलेल्यांतले कितीतरी जण याचेच पेशंट होते, साधी, डबा घेऊन आलेली माणसं. व्याख्या बदलली की माणसं या रकान्यातून त्या रकान्यात जातात. तुम्हाला मात्र एकाच रकान्यात घातलं आणि तिथंच ठेवलं, आणि त्यात माझा हात होता.

बहात्तरचा मोठा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. तुम्ही फौजेतून हवालदार होऊन आलेले, साखर कारखान्याच्या गेटवर खुर्ची टाकून बसायचात. महिन्यातून एकदा एसटीनं साताऱ्याच्या मिलिटरी कँटीनला जायचात. येताना पिशवीत साबण, चहापूड, आईला खोबरेल तेल आणि कोट्याची रमची बाटली. हक्क हाय आपला, सोडायचा कशाला, म्हणायचात. बाटली लोखंडी ट्रंकेत जायची आणि तिथून कधी पाण्याची पाळी देणाऱ्याकडं, कधी नांगरटीच्या ट्रॅक्टरवाल्याकडं. तुम्हाला स्वतःला सोस होता तो गोडाचा. गुऱ्हाळावर गेलात की वाटीभर काकवी, भाकरी चुरून. पोट सुटलं तेव्हा आम्ही त्याला फौजेनंतरचं सुख म्हणत होतो.

मग डोळे पिवळे झाले, पाय सुजले, आणि कराडच्या डॉक्टरांनी सांगलीला पाठवलं. आईला चार माणसांत बोलायची भीती, म्हणून कॉलेजात शिकणारी मी तुमच्याबरोबर आले. सुई घालून काढलेल्या लिव्हरच्या तुकड्याचा रिपोर्ट डॉक्टरांच्या टेबलावर आहे, त्यात चरबी निघालेली. लघवीत साखर आहे हेही त्याच कागदांत आहे, पण तिथं कुणाची नजर थांबत नाही. डॉक्टर विचारतात, किती घेता? तुम्ही म्हणता, "न्हाई घेत, साहेब." ते पुन्हा विचारतात, तुम्ही पुन्हा तेच सांगता, आणि मग ते माझ्याकडं बघतात. मी अगदी पुस्तकी मराठीत सांगते, "घरात कँटीनची बाटली असते." तेवढंच. खोटं एक अक्षर नाही त्यात. डॉक्टरांनी मान हलवली आणि इंग्रजीत एक शब्द लिहिला. मला तो वाचता आला. तुम्हालाही आला असावा, फौजेत तुम्ही ती अक्षरं शिकला होतात.

परतताना इस्लामपूरच्या स्टँडवर गाडी थांबली. त्या सुजलेल्या पायांनी तुम्ही खाली उतरलात आणि माझ्यासाठी मीठ लावलेला पेरू घेऊन आलात. तो माझ्या हातात देताना हळूच विचारलंत, "कवा बघितलंस गं मला पिताना?" मी पेरू खात राहिले. तुम्ही पुन्हा कधीच विचारलं नाहीत, पुढचे पाच महिने हातात होते तरी. घरी आई तुमचा पेला हुंगायला लागली. तुम्ही साताऱ्याला जायचं बंद केलंत, तर लोक म्हणाले, आता सुधारला, पण वेळ गेली. तुम्ही गेलात तेव्हा भावकीनं तोंडावर हळहळ केली आणि मागं म्हणाले, मिलिटरीवाला, दुसरं काय व्हायचं.

पुढचं सांगायची मला लाज वाटते. शाळेत व्यसनमुक्तीचा कार्यक्रम असला की भाषण माझ्याकडं यायचं, आणि मी सुरुवातच अशी करायचे की माझे वडील दारूनं गेले. पोरं चिडीचूप बसायची. एका वर्षी हेडमास्तरांनी मला गुलाबाचं फूल दिलं, ते मी घरी आणून पाण्यात ठेवलं. आई तुमच्यामागं वीस वर्षं जगली. तुमचा फोटो पुसताना म्हणायची, तेवढी दारू सोडली असती तर आज माणूस असतं. मी हूं म्हणायचे. ती तसंच मानून गेली.

परवा त्या डॉक्टर पोरीला मी तुमची गोष्ट सांगितली, पण अर्धीच. ती मला दिलासा देत म्हणाली, त्या काळी कुणालाच माहीत नव्हतं, कुणाचाच दोष नाही. डॉक्टरांपुरतं ते खरं असेल. हे पत्र मी रिपोर्टच्या फायलीत ठेवून देणार आहे, ते कुठं पाठवायचं हा प्रश्नच नाही, म्हणून उरलेली अर्धी इथं लिहिते. दर दिवाळीला ती ट्रंक मीच आवरायचे, बाटल्या मीच पुसायचे. एकीचंही सील कधी फुटलेलं नसायचं. सांगलीला त्या टेबलापुढं ते मला नीट आठवत होतं. ही शिकलेली मुलगी आहे, बापाला पाठीशी घालत नाही, असं डॉक्टरांना वाटावं, एवढ्यासाठी मी ते बोलले नाही. तुम्ही विचारलं होतंत, कवा बघितलंस. कधीच नाही, आबा. एकदाही नाही.